तळ्याकाठची गाडी

जपानला जाऊन आलो असे कळले म्हणजे भेटीस येणारा गृहस्थ आधी तोक्योची चौकशी करतो, मग क्योतोची, आणि शेवटी फुजी पर्वताचे शिखर ढगाबाहेर दिसले की नाही ते विचारतो. आम्ही मात्सुएचे नाव घेतले की त्याचा चेहरा किंचित उतरतो. "ते कोठेसे आले?" असे तो म्हणतो खरा, परंतु त्याच्या मनातील प्रश्न "तेथे काय ठेवले आहे?" हा असतो, हे आम्हास ठाऊक आहे. कारण तोक्योतील एका तिकिटाच्या खिडकीवरील तरुणाने हाच प्रश्न, कमरेत वाकून आणि अत्यंत नम्र शब्दांत, आम्हास विचारला होता. पश्चिमेस जावयाचेच तर हिरोशिमास का जात नाही, असेही त्याने सुचवून पाहिले.

त्यास खरे कारण सांगणे कठीण होते. आम्हास काचबिंदू झाला आहे. हे दुखणे मोठे सभ्य आहे. ते ठणकत नाही, खुपत नाही, आल्याची वर्दीही देत नाही. घरच्या माणसांची नजर चुकवून कडेकडेच्या वस्तू तेवढ्या उचलून नेणाऱ्या चोराप्रमाणे ते दृष्टीच्या कडा नेते, आणि मध्ये जे उरते त्यावर समाधान मानून मनुष्य वर्षानुवर्षे वर्तमानपत्र वाचीत राहतो. २०२४ च्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी यंत्रावर दोन्ही डोळे पाहिले आणि उजव्याचे काम बहुतेक आटोपले असल्याचे सांगितले. गेले ते परत यावयाचे नाही. डाव्यात उरले आहे ते थेंब घालून राखावयाचे. घरी येताना रिक्षात आमच्या सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना मात्र म्हणाल्या, "तुम्हाला ते हर्नचं गाव पाहायचं होतं ना? मग आता पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करीत बसू नका."

साताऱ्यास तीस वर्षे आम्ही इंग्रजी शिकविले, आणि त्यात लाफकाडिओ हर्नची होइचीची गोष्ट दरसाल वर्गात वाचून दाखविली. अंगभर मंत्र लिहिले पण कानांवर लिहावयाचे राहिले, म्हणून पिशाच्चाने ज्याचे कान तोडून नेले त्या आंधळ्या वीणावादकाची ती गोष्ट. १९०४ साली निघालेल्या 'क्वाइदान' या संग्रहात ती आहे. हर्नचा जन्म १८५० चा, ग्रीसमधील लेफ्काडा बेटावरचा. आई ग्रीक, बाप आयर्लंडचा. शाळेत असताना खेळता खेळता त्याचा डावा डोळा गेला, आणि उजवाही अगदी अधू राहिला. १८९० च्या ऑगस्टात तो इंग्रजीचा शिक्षक म्हणून मात्सुएस आला आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात कुमामोतोस निघून गेला. म्हणजे उणेपुरे सव्वा वर्ष. तेवढ्यात तेथील एका सामुराई घराण्यातील सेत्सु नावाच्या मुलीशी त्याचा संसार सुरू झाला. आणि १८९६ साली तो जपानचा नागरिक होऊन कोइझुमी याकुमो झाला.

त्याने केलेले मात्सुएच्या पहाटेचे वर्णन आवाजाने सुरू होते. भात कांडणाऱ्या जड मुसळाचा ठोका जमिनीतून उशाशी येतो. मग देवळातील घंटा. मग भाजीवाल्यांच्या आरोळ्या. मग उगवत्या सूर्यास वंदन करणाऱ्यांच्या टाळ्या. आणि पुलावरून जाणाऱ्या लाकडी खडावांचा खडखडाट. वर्गात हे सारे आम्ही 'शैली' या मथळ्याखाली शिकवीत असू. ते शैलीखेरीज आणखी काही असेल, हे डॉक्टरांच्या त्या यंत्रापुढे बसेपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते.

असो. मात्सुएस जाण्यास विमान आहे. तोक्योहून रात्री दहाच्या सुमारास सुटून सकाळी साडेनऊस पोहोचविणारी निजावयाची गाडीही आहे. तिची तिकिटे महिनाभर आधी खुली होतात आणि पाहता पाहता संपतात. आम्हास ती मिळाली नाहीत. तेव्हा शिंकान्सेनने ओकायामापर्यंत आणि तेथून डोंगर ओलांडून जाणाऱ्या गाडीने पुढे, असे ठरविले. शिंकान्सेनचे तीन-सव्वातीन तास सांगण्यासारखे नाहीत. ती इतक्या वेगाने आणि इतक्या निमूटपणे जाते की प्रवास केल्यासारखे वाटत नाही.

ओकायामास मात्र गाडी बदलावयाची होती, आणि गाडी बदलणे हे आमच्यासारख्या माणसाचे खरे संकट. फलाटाची कड कोठे संपते ते आम्हास दिसत नाही. सौ. सामान घेऊन पुढे, आम्ही मागे, अशी चाल चालली असता पायाखाली काही उंचवटे लागू लागले. खाली मान घालून पाहिले तो पिवळी पट्टी. लांब रेघा असल्या म्हणजे चालत राहावे, गोल टिकल्या आल्या म्हणजे थांबावे. या पट्टीचा जन्म ह्याच ओकायामा शहरातला, हे आम्हास नंतर कळले. मियाके सेइइची नावाच्या गृहस्थांच्या एका मित्राची दृष्टी जाऊ लागली होती. त्याच्यासाठी त्यांनी ही युक्ती काढली, आणि १८ मार्च १९६७ रोजी तेथील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर या फरश्या जगात पहिल्यानेच बसविण्यात आल्या. बुटाच्या तळव्यातून वाचता येणारी ही लिपी शिकावयास आम्हास पाच मिनिटे लागली. आमच्याकडेही हल्ली अशा पट्ट्या बसविल्या आहेत. फक्त त्यांच्यावर विश्वासून चालणारा मनुष्य मधूनमधून विजेच्या खांबास आलिंगन देतो, एवढेच.

पुढच्या गाडीचे नाव 'याकुमो', म्हणजे हर्नने घेतलेलेच नाव. पदरावर पदर असलेले ढग असा त्याचा अर्थ असून, ते त्या इझुमो प्रांताचे फार जुने विशेषण आहे. समुद्राकडून निघालेली ही गाडी नदीच्या वळणावळणाने डोंगरात शिरते आणि पलीकडे उतरते. अलीकडची ती डोंगराची उन्हाची बाजू, पलीकडची ती सावलीची, अशीच त्या दोन प्रदेशांची नावे आहेत. वळणांवर गाडी कलते. जुन्या डब्यांत प्रवाशांस मळमळे म्हणतात, पण २०२४ साली आलेल्या नव्या डब्यांनी आमच्या पोटास काही त्रास दिला नाही.

खिडकी सौ.ना दिली होती आणि बाहेरचे सांगण्याचे काम त्यांच्याकडे होते. सेत्सुने लिहून ठेविले आहे की, गोष्टी पुस्तकातून वाचून न दाखविता स्वतःच्या शब्दांत सांगाव्या असा हर्नचा तिला आग्रह असे. आम्हीही तोच आग्रह धरला. "डोंगर," सौ. म्हणाल्या. "नदी. पुन्हा डोंगर. त्यावर चेरी फुललीय, पण थोडी. एक बाई शेतात उभी आहे आणि तिचं टोपडं अगदी आपल्या काशीबाईंसारखं आहे. आता बोगदा, तो तुम्हाला दिसलाच असेल." मधेच त्या गप्प झाल्या. काय झाले म्हणून विचारले तर म्हणाल्या, "थांबा जरा, उजवीकडे मोठा बर्फाचा डोंगर आलाय. आधी मला बघू द्या, मग सांगते." तो दाइसेन पर्वत, उंची १७२९ मीटर. तो आम्हास दिसला नाही. परंतु तो पाहताना माणूस किती वेळ गप्प बसतो ते मात्र समजले.

मात्सुए हे दोन लाखांच्या आतबाहेर वस्तीचे शहर. पश्चिमेस शिंजी नावाचे मोठे सरोवर आणि पूर्वेस नाकाउमी नावाचे खाजण; दोहोंस जोडणारी ओहाशी नदी शहराच्या मधोमध वाहते. आगगाडीचे स्थानक नदीच्या दक्षिणेस, किल्ला आणि हर्नचे घर उत्तरेस. आम्ही उतरलो तो पाऊस. त्या भागात म्हणतात की, जेवणाचा डबा विसरला तरी चालेल, छत्री विसरू नये. आम्ही दोन्ही विसरलो होतो.

गावात हिंडावयास जुन्या थाटाची एक लहानशी बस आहे. ती प्रेक्षणीय स्थळांवरून एकाच दिशेने फेरी घेते, आणि तिचे भाडे ठरीव असते. सोपे आहे, मात्र आपला थांबा चुकला तर बसून राहून सबंध गाव पुन्हा पाहावे लागते. आम्ही एकदा असे किल्ल्यावरून निघून, वाटेत काहीही न पाहता, किल्ल्यावरच येऊन पोहोचलो. साध्या बसचे शास्त्र निराळे. तीत मागच्या दाराने चढावे, यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यावी, आणि उतरताना चालकाच्या डोक्यावरील फलकात त्या आकड्याखालची रक्कम पाहून तितकीच नाणी पेटीत टाकावी. फलकावरील आकडे प्रत्येक थांब्यास बदलतात. पहिल्या दिवशी आम्ही चिठ्ठी हातात धरून त्या फलकात आमचा आकडा शोधीत उभे राहिलो. आमची दृष्टी म्हणजे बांबूच्या नळीतून पाहावे तशी. एक चौकट सापडे तो दुसरी हरवे. मागे सात-आठ माणसे खोळंबली. कोणी खाकरलेसुद्धा नाही, आणि त्या शांततेने आमच्या कानशिलांस घाम फुटला. अखेर चालकाने आमचा तळहात आपल्याकडे घेतला आणि त्यातून एकेक नाणे उचलून, आम्हास नीट दिसेल अशा बेताने डोळ्यांसमोर धरून, पेटीत टाकले. शेवटचे जास्तीचे नाणे परत तळहातावर ठेवून त्याने आमची बोटे मिटविली. लहान मुलाची मिटवावी तशी. यात उपकृत व्हावे की खजील, हे उतरल्यावरही आम्हास ठरविता येईना. सौ. म्हणाल्या, "उद्यापासून मी पुढे होईन." त्या रात्री आम्हास झोप लागली नाही ती एवढ्या एका वाक्याने.

हर्नचे घर किल्ल्याच्या उत्तरेकडील खंदकापाशी आहे, आणि शेजारीच त्याचे संग्रहालय. तेथे त्याचे लिहावयाचे मेज ठेविले आहे. साधारण मेजाहून ते पुष्कळच उंच. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांजवळ कागद यावा म्हणून ते तसे करविलेले. आम्ही त्यापुढे बराच वेळ उभे होतो. शाळेतून येताजाता लोक त्याच्याकडे वळून पाहत असतील. वर्गात मागच्या बाकावरील मुलांचे चेहरे त्यास दिसत नसतील. आमच्या शेवटच्या दोन वर्षांत आम्हासही ते दिसत नव्हते, आणि ही गोष्ट आम्ही कोणास सांगितली नव्हती. सौ.ना ती त्या मेजापुढे सांगितली. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही हजेरी आवाजावरून घेत होता."

खंदकातून नावेची फेरी आहे, सुमारे पन्नास मिनिटांची. काही पूल इतके ठेंगणे की तेथे नावेचे छप्पर खाली येते आणि प्रवाशांनी मांड्यांवर कपाळ टेकावे लागते. १६११ साली पुरा झालेला तो काळा किल्ला पाहणाऱ्यास असा नमस्कार घालावयास लावणारी युक्ती आम्हास आवडली. सौ.च्या गुडघ्यांस मात्र ती मानवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेर पडावयाचे नाही असे ठरले.

याचा आम्ही फायदा घेतला. शिंजी सरोवराच्या उत्तर काठाने इझुमोकडे एक लहान खाजगी आगगाडी जाते, एकदोन डब्यांची, तासातासाने सुटणारी. तिचे स्थानक मोठ्या स्थानकापासून दूर, तळ्याकाठच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांपाशी आहे. तिने एकट्याने शेवटपर्यंत जाऊन परत यावे असे आम्ही बोलून दाखविले. सौ. बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी उतरल्या जागेचे नाव जपानी अक्षरांत लिहून घेतलेला कागद आमच्या खिशात घातला, फोन दुसऱ्या खिशात, थेंबांची बाटली तिसऱ्यात, आणि "जा" म्हणाल्या.

गाडी सुटली तेव्हा तळे डाव्या हातास होते. ऊन पडले होते. खिडकीच्या मध्यभागातून आम्हास पाण्याची चमक दिसे, आणि काठावरचे खांब एकामागून एक येऊन नाहीसे होत. डब्यात शाळेतील दोन मुली, एक सायकल घेतलेला मनुष्य (या गाडीत सायकल आत घेऊन बसता येते) आणि आम्ही. इतके सुख आम्हास कित्येक महिन्यांत झाले नव्हते. कोणी हात धरला नव्हता, कोणी पायरी सांगितली नव्हती. दोन वाजता थेंब घातले आणि शिरस्त्याप्रमाणे पाच मिनिटे डोळे मिटून बसलो. मध्ये गाडी थांबली. कोणी डब्यातून चालत गेल्याचे पाऊल वाजले. मग गाडी निघाली. आणि डोळे उघडून पाहतो तो ती आमच्या पाठीच्या दिशेने, उलटी चाललेली!

मनुष्याचे डोके किती लवकर दगा देते ते तेव्हा कळले. शेवटचे स्थानक येऊन गेले असावे, झोप लागली असावी, गाडी परत मात्सुएस निघाली असावी, हे सारे एका श्वासात आमच्या मनाने ठरवून टाकले. पाच मिनिटांत शेवटचे स्थानक कसे येईल, हे त्याने विचारले नाही. तळे आता उजव्या हातास आले होते. गाडी आल्या वाटेनेच परत जात असती तर बसल्या जागी ते डावीकडेच राहते, एवढेही सुचले नाही. पुढच्या थांब्यावर आम्ही घाईघाईने उतरलो. मागे दार मिटले आणि गाडी निघून गेली.

तेथे ना माणूस, ना खिडकी. एक फलाट, एक आडोसा, वारा. पुढची गाडी तासाने. आम्ही बाकावर बसलो आणि, हे लिहितानाही लाज वाटते, आमचे हात कापत होते. थोड्या वेळाने एक वृद्ध बाई हातगाडी ढकलीत आल्या व शेजारी बसल्या. आम्ही रूळ दाखविले, हात उलटा फिरवून दाखविला, "मात्सुए?" म्हटले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आमचा तळहात उताणा केला आणि त्यावर बोटाने एक रेघ अंगठ्याकडून मनगटाच्या मध्यापर्यंत नेली, तेथे टेकविली, आणि त्याच टोकापासून दुसरी रेघ करंगळीकडे नेली. पुन्हा एकदा तसेच केले. मग समजले. गाडी आत शिरते, थांबते, आणि तोंड फिरवून दुसऱ्याच वाटेने बाहेर पडते. चुकले होते ते आमचे, गाडी बरोबर इझुमोकडे चालली होती. आम्ही इंग्रजीत आभार मानले; त्या "दानदान" म्हणाल्या. त्या बोलीत धन्यवादास असे म्हणतात. त्यांनी आमचे आभार कशाबद्दल मानले ते आम्हास अजून उमगलेले नाही.

एवढ्यात फोन वाजला. "कुठे आहात?" "तळ्याच्या काठी बसलोय," आम्ही म्हणालो. हे खोटे नव्हते.

मात्सुएकडे जाणारी पहिली गाडी घेऊन आम्ही परतलो. संध्याकाळी सौ. सरोवरकाठच्या कलासंग्रहालयापाशी येणार होत्या. त्याची रीत अशी की, मार्चपासून सप्टेंबरपर्यंत ते सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होते. घड्याळाने नव्हे, सूर्याने. बाहेर हिरवळीवर काशाचे बारा ससे तळ्याकडे उड्या घेत गेलेले आहेत. एकाच्या पाठीवर हात ठेवून आम्ही सौ.ना दुपारची हकीकत सांगितली. त्या रागावतील अशी अपेक्षा होती. त्यांनी विचारले, "ती गाडी तिथं आत कशाला शिरते पण?" आणि पिशवीतून माहितीपत्रक काढून, चष्मा लावून, मावळत्या उजेडात इंग्रजी मजकूर वाचावयास लागल्या. समोर तळ्यावर लोक सूर्यास्ताची छायाचित्रे घेत होते.

त्याचे उत्तर असे. त्या स्थानकाचे नाव इचिबातागुची, म्हणजे इचिबाताचे तोंड. ही आगगाडी १९१४ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी इचिबाताच्या डोंगराखाली पोहोचली. तेथील देवळाच्या यात्रेकरूंसाठीच ती बांधली होती. मात्सुएचा फाटा मागाहून झाला. १९४४ साली, युद्धात लोखंड हवे म्हणून, देवळाकडचे रूळ काढून नेले ते पुन्हा बसविले नाहीत. म्हणून गाडी अजूनही देवळाच्या दिशेस तोंड करून त्या स्थानकात शिरते, आणि पुढे वाट नाही म्हणून मागे फिरते.

"आणि देऊळ कुणाचं आहे ठाऊक आहे?" सौ. म्हणाल्या. "डोळ्यांच्या देवाचं."

ते देऊळ याकुशीचे. आपल्या संस्कृतातील भैषज्यगुरू बुद्ध तो हाच. सांगतात की, इसवी सन ८९४ मध्ये योइची नावाच्या एका कोळ्यास समुद्रात ही मूर्ती सापडली आणि त्याच्या आंधळ्या आईस दिसू लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो. खालून सुमारे तेराशे पायऱ्या आहेत. गुडघे आणि डोळे यांचा विचार करून आम्ही बसने वर गेलो. तेथे चहाचे तीर्थ देतात, ते प्यावे व डोळ्यांस लावावे. सौ.नी आम्हास लावले, मग स्वतःलाही लावले. आम्ही देवभोळे नाही. परंतु परत निघताना डोळे पुसले मात्र नाहीत.

खाली स्थानकात गाडीस अवकाश होता. सौ. आम्हास फलाटाच्या उत्तर टोकास घेऊन गेल्या. "इथं रूळ संपतात," त्या म्हणाल्या. "पुढे रस्ता आहे. एक सायकल उभी आहे. दुसरं काही नाही." मग मात्सुएकडची गाडी आली, आत शिरली, थांबली. चालक आपल्या जागेवरून उठून डब्यातून चालत दुसऱ्या टोकास गेला. काल ऐकलेले पाऊल ते हेच. दोन वाजत आले होते. सौ.नी बाटली काढली. आम्ही म्हटले, "थांब, गाडी सुटू दे आधी."